कामावर आजार जडला तर नुकसानभरपाई : कोणता कागद आधी, कोणता नंतर

रुग्णालयातला वॉर्डबॉय, आयाबाई, लॅबमधला तंत्रज्ञ, ड्रेसिंगचा कचरा उचलणारा ठेक्यावरचा कामगार, पावसाळ्यात तुंबलेल्या गटारात उतरणारा सफाई कामगार. यांना कामातून क्षयरोग, लेप्टो किंवा कावीळ जडली, तर कायदा त्या आजाराला कामावरच्या अपघातासारखेच मानतो. तरीही दावे पडतात, आणि बहुधा एकाच कारणाने पडतात. माणूस आधी बरा व्हायला बघतो आणि कागद नंतर शोधायला निघतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो, जुने हजेरीपट कुठे गेले ते कोणी सांगत नाही, आणि केसपेपरवर तो माणूस काम काय करतो याचा एक शब्दही नसतो.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या खासगी, ठेक्यावरच्या आणि रोजंदारीवरच्या कामगारांसाठी आहेत. सरकारी किंवा महापालिकेच्या कायम सेवेत असाल तर आधी आस्थापना विभागात जाऊन तुमच्या सेवानियमांत विशेष विकलांगता रजा आणि निवृत्तिवेतनाची तरतूद काय आहे ते विचारा. टप्पा २ ते ४ मात्र तुम्हालाही जसेच्या तसे लागतील.

कोणता कायदा लागू, हे आधी पक्के करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा व १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा तिच्यात सामावले गेले. तुमचे आजारपण त्या तारखेच्या आधीचे असेल, तर अर्ज लिहिताना जुन्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. दोन्हींचा सांगाडा सारखाच आहे. व्यवसायजन्य आजारांची यादी तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि तिच्या 'अ' भागात पहिलाच मान संसर्गजन्य आजारांचा आहे. त्यात आरोग्यसेवा व प्रयोगशाळेतले काम, पशुवैद्यकीय काम, जनावरे किंवा मेलेली जनावरे हाताळण्याचे काम, आणि संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम येते. 'अ' भागासाठी अमुक महिने नोकरी झाली पाहिजे अशी अट नाही. काम या यादीत बसले आणि आजार झाला, की तो कामातूनच झाला असे कायदा धरून चालतो. तसे नाही, हे मालकाला सिद्ध करावे लागते.

टप्पा १ : तुमची खिडकी कोणती, हे ठरवा

चुकीच्या खिडकीवर गेलेले महिने परत मिळत नाहीत, म्हणून हे सर्वांत आधी.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आणि आस्थापनेत १० किंवा जास्त माणसे असतील तर तुमची खिडकी ईएसआयची. पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसते का पाहा. ईएसआयचे संरक्षण असलेल्या कामगाराला त्याच आजारासाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. कायद्याने तो रस्ता बंद आहे.

पगार त्याहून जास्त असेल किंवा आस्थापना लहान असेल तर दावा थेट मालकावर. इथे आणखी एक गोष्ट बघावी लागते. दुसऱ्या अनुसूचीत कामांची एक यादी आहे आणि त्यात तुमचे काम बसले तरच कायद्याच्या अर्थाने तुम्ही 'कर्मचारी' ठरता. रुग्णालयांच्या बाबतीत मालकाचा वकील पहिला आक्षेप बहुधा इथेच घेतो. अर्ज करण्यापूर्वी युनियनच्या माणसाला किंवा वकिलाला ही यादी दाखवून आपले काम नेमक्या कोणत्या कलमाखाली बसते ते लिहून घ्या.

ठेकेदारामार्फत काम करत असाल तर मूळ मालकालाही जबाबदार धरता येते. रुग्णालयाने पैसे भरावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी कायद्याची रचना आहे. 'तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही' हे उत्तर ऐकून कोणी परत फिरू नये.

तपासा : ईएसआयचा इन्शुरन्स नंबर घेऊन पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर वर्गणी भरली आहे का बघा. भरली नसेल तरी घाबरू नका. वर्गणी भरणे मालकाचे कर्तव्य होते आणि त्याच्या कसुरीमुळे तुमचा हक्क जात नाही. ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार करून तिची पोच घ्या.

करोनाकाळातल्या ५० लाखांच्या विम्याविषयी अजूनही विचारणा होते. ती २०२० साली आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जाहीर झालेली वेगळी योजना होती. इथला दावा तिच्यावर अवलंबून नाही.

टप्पा २ : डॉक्टरांसमोर पहिल्याच दिवशी काम सांगा

केसपेपर काढताना 'व्यवसाय' या रकान्यात 'नोकरी' किंवा 'मजुरी' एवढेच लिहिले जाते. तिथे थांबवा. 'क्षयरोग वॉर्डात सफाई', 'रक्त तपासणी प्रयोगशाळेत मदतनीस', 'मलनिस्सारण वाहिनीची सफाई' असे नेमके लिहायला सांगा. डॉक्टरांना हिस्टरी देताना किती काळ, कोणत्या विभागात, कशाशी संपर्क आला ते सांगा आणि ते पेपरवर उतरले का ते तिथेच वाचून बघा. पुढे मालकाचा वकील हाच कागद तुमच्यासमोर ठेवणार आहे.

आजारानुसार पुरावा बदलतो.

क्षयरोग असेल तर थुंकीची तपासणी किंवा सीबीनॅटचा (क्षयरोगाच्या जंतूची यंत्रावरची तपासणी) रिपोर्ट आणि निक्षय आयडी, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, जपा. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे होणे बंधनकारक आहे, त्यामुळे निदानाची तारीख सरकारी नोंदीत बसते. ती तारीख कोणालाही मागेपुढे करता येत नाही.

लेप्टो असेल तर रक्ताचा रिपोर्ट आणि तापाचा पहिला दिवस या दोन गोष्टी महत्त्वाच्या. संसर्ग झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, क्वचित ३० पर्यंत. म्हणून तापाच्या आधीच्या महिनाभरात तुम्ही कोणत्या पाण्यात, कोणत्या चौकीच्या हद्दीत उतरलात ते आठवेल तसे तारखेनिशी लिहून काढा.

सुई टोचली असेल तर घड्याळ बघा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू झाली पाहिजेत. ती २८ दिवस घ्यायची असतात. त्याच दिवशी स्वतःच्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी साठी तपासणी करून घ्या. 'टोचले त्या दिवशी मी निगेटिव्ह होतो' हे दाखवणारा दुसरा कागद जगात नाही. त्यानंतर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासण्या होतात. एकही चुकवू नका. सुई टोचणे हा थेट अपघातही आहे, म्हणून त्याच ड्युटीत अपघात नोंदवहीत नोंद करून तिचा फोटो काढून ठेवा.

सावधान : एचआयव्हीचा रिपोर्ट मुकादमाच्या किंवा एचआरच्या हातात देऊ नका. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गोपनीय आहे आणि तिच्यावरून कामावरून काढणे बेकायदा आहे. दाव्यासाठी लागेल तेव्हा ती बंद पाकिटात न्यायालयासमोर ठेवता येते.

टप्पा ३ : मालकाला लेखी सूचना

सगळ्यात जास्त दावे इथे मोडतात, म्हणून थोडे थांबून वाचा.

कामगार मुकादमाला फोन करतो, व्हॉट्सॲपवर 'दादा, टीबी निघालाय, येत नाही' असे कळवतो आणि समजतो की कळवणे झाले. मग आजारपणाच्या रजेचा छापील अर्ज भरून देतो. त्या अर्जावर कारण असते 'प्रकृती अस्वास्थ्य'. सहा महिन्यांनी मालक तोच अर्ज पुढे करतो आणि म्हणतो, कामाचा संबंध तेव्हा याने स्वतःच सांगितला नव्हता.

सूचना साधी असावी. वकिली भाषा नको. मजकूर असा चालेल :

'मी, (नाव), आपल्या (विभाग) येथे (तारीख) पासून (काम) करतो. कामात माझा (क्षयरुग्णांच्या वॉर्डातील कचरा व चादरी / तुंबलेले गटाराचे पाणी) यांच्याशी रोज संपर्क येतो. (तारीख) रोजी मला (आजार) झाल्याचे निदान झाले असून (तारीख) पासून मी त्यामुळे कामावर येऊ शकत नाही. हा आजार मला कामातून झाला आहे. ही कायद्यानुसार व्यवसायजन्य आजाराची सूचना समजावी, तिची नोंद घ्यावी आणि मला नुकसानभरपाई व औषधोपचाराचा खर्च मिळावा.'

खाली सही, तारीख, पत्ता. सोबत निदानाच्या कागदाची झेरॉक्स. मूळ कागद कधीही देऊ नका.

दोन प्रती करा. एक आवक विभागात देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती कागदांना टाचून ठेवा. ठेक्यावर असाल तर एक प्रत ठेकेदाराला आणि एक मूळ मालकाला. हा दुसरा लिफाफा पाठवायचा राहून जातो आणि मग मूळ मालक 'आम्हाला माहीतच नव्हते' म्हणून हात वर करतो.

सूचना द्यायला उशीर झाला असेल तरी द्या. मालकाला आजाराची माहिती दुसऱ्या मार्गाने होती, किंवा उशिराला सबळ कारण होते, तर केवळ उशिरामुळे दावा फेटाळला जात नाही.

तपासा : सूचनेत तीन तारखा हव्यातच. कामाला लागल्याची, निदानाची, आणि आजारामुळे कामावर न आल्याच्या पहिल्या दिवसाची. यातली तिसरी फार मोलाची. व्यवसायजन्य आजारात तोच दिवस 'अपघाताचा दिवस' धरतात आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत तिथून मोजतात.

टप्पा ४ : कामाचा पुरावा गोळा करा, पण रुग्णांची नावे नको

तुम्ही त्या ठिकाणी होता आणि तिथे संसर्गाचा धोका होता, एवढ्या दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. पगारपत्रके, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, ओळखपत्र, गेटपास, ड्युटी लावल्याचा तक्ता, बायोमेट्रिक हजेरी. ग्रुपवर आलेले ड्युटीचे मेसेज तारखेसह जपा. फोन बदलला की ते जातात, म्हणून छापून घ्या. सोबत काम करणाऱ्या दोघातिघांची नावे लिहून ठेवा. सफाई कामगाराला हे सगळे जास्तच लागते, कारण त्याचे काम यादीत 'संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम' या शेवटच्या ओळीत बसवायचे असते आणि तो धोका दाखवण्याचा भार त्याच्यावर येतो. गटाराचे फोटो, बूट-हातमोजे मागितल्याचे अर्ज, प्रतिबंधक गोळ्या वाटल्याची नोंद, काहीही चालेल.

वॉर्डात संसर्गजन्य रुग्ण होते हे दाखवायला केसपेपरांचे फोटो काढू नका. ते रुग्णांवर अन्याय करणारे आहे आणि तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. सुनावणीत न्यायालय रुग्णालयाला नोंदवही हजर करायला सांगू शकते. त्यासाठी अर्ज करा. सरकारी किंवा पालिकेचे रुग्णालय असेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वॉर्डातल्या रुग्णांची फक्त संख्या आणि साधने वाटल्याची नोंद मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

सावधान : 'मास्क घातला नव्हता' असे कोणी लिहून मागितले तर सही करू नका. सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, हा मालकाचा हुकमी बचाव आहे. मास्क संपले होते, फाटके होते, दिलेच नव्हते, यातले जे खरे असेल ते तारखेसह आपल्या शब्दांत लिहून द्या.

टप्पा ५ : तपासणी टाळू नका

सूचना मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने विनाखर्च वैद्यकीय तपासणी देऊ केली तर जा. नकार दिला तर तेवढ्या काळापुरता तुमचा हक्क थांबतो. जाताना एकाला सोबत न्या आणि रिपोर्टची प्रत मागा.

उपचार संपल्यावर कायमचे काही उरले असेल, म्हणजे क्षयरोगानंतर दम लागणे, काही औषधांनी कमी झालेले ऐकू येणे, काविळीनंतर यकृताचा त्रास, तर पात्र डॉक्टरांकडून 'कमावण्याची क्षमता किती टक्के घटली' असे प्रमाणपत्र घ्या. अपंगत्वाचे साधे प्रमाणपत्र यासाठी पुरत नाही. त्यात शरीराचा टक्का असतो, इथे कमाईचा टक्का लागतो.

टप्पा ६अ : ईएसआयची खिडकी असेल तर

शाखा कार्यालयात गेलात की सवयीने 'सिकनेस'चा, म्हणजे साध्या आजारपणाच्या लाभाचा, अर्ज पुढे येतो. त्यात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या आजारांत पुढे ८० टक्क्यांची वाढीव सवलतही आहे, पण तिला आधीच्या नोकरीची व वर्गणीची अट असते. आजार कामातून झाला हे मान्य झाले तर मात्र अपंगत्व लाभ ९० टक्के मिळतो आणि त्याला वर्गणीची अट नाही. नुकत्याच लागलेल्या कामगारासाठी हा फरक घर चालण्या-न चालण्याचा आहे.

म्हणून अर्जासोबत टप्पा ३ ची सूचना जोडा आणि 'प्रकरण व्यवसायजन्य आजार म्हणून विशेष वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे' अशी लेखी मागणी करा. निर्णय होईपर्यंत सिकनेसचे पैसे घ्यायला हरकत नाही. फक्त अर्जावर 'व्यवसायजन्य आजाराच्या दाव्यास बाधा न येता' असे हाताने लिहा. मालकाकडून अपघात अहवाल गेला का ते विचारा. गेला नसेल तर तेही लेखी कळवा. लाभ घेत असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही. मंडळाचा निर्णय पटला नाही तर अपील आहे आणि पुढे ईएसआय न्यायालय आहे. तिथली मुदत तीन वर्षांची.

टप्पा ६ब : मालकावर दावा असेल तर आधी हिशेब करा

मागायचा आकडा स्वतःला माहीत असला पाहिजे. तडजोडीच्या टेबलावर तोच उपयोगी पडतो.

हिशेबासाठी मासिक पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. ही मर्यादा २०२० च्या अधिसूचनेने ठरली, अर्ज करताना ती बदलली आहे का ते बघा. वयानुसार एक गुणक असतो. शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेले वय ३० असेल तर २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९.

कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. ४० वर्षांच्या माणसासाठी ९,००० × १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता ३० टक्के घटली असेल तर याचे ३० टक्के, ४,९७,२५९. मृत्यू झाला तर पगाराचे ५० टक्के धरतात : ७,५०० × १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५.

तात्पुरते अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला पगाराचे २५ टक्के. म्हणजे महिन्याला ७,५००. क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या उपचारात कामावर जाताच आले नाही तर ४५,००० होतात. ही रक्कम कमी आहे आणि ती कमी आहे हे उघड म्हणायला हवे. म्हणूनच औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागायला विसरू नका. प्रत्येक बिल जपा, औषधाच्या दुकानातली कच्ची चिठ्ठी चालत नाही.

देय झाल्यापासून महिनाभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर व्याज लागते. १९२३ च्या कायद्यात ते दरसाल १२ टक्के आहे. सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही नाव घेऊन मागा.

टप्पा ७ : अर्ज

महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयांचे न्यायाधीश नुकसानभरपाई आयुक्त म्हणून पाहत आले आहेत. संहितेखाली तुमच्या जिल्ह्यात सक्षम प्राधिकारी कोण, ते कामगार आयुक्तालयात विचारा. आजार जिथे जडला तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही अर्ज करता येतो. मुंबईत काम करून सातारा-बीडला गावी परतलेल्यांना त्यासाठी मुंबईच्या चकरा माराव्या लागत नाहीत.

अर्जात ठेकेदार आणि मूळ मालक दोघांना सामनेवाले करा. मालकाने विमा काढला असेल तर विमा कंपनीलाही. सोबत सूचना व पोच, निदान, कामाचा पुरावा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, बिले आणि वयाचा दाखला. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

आधीच दिवाणी न्यायालयात त्याच कारणासाठी दावा लावला असेल तर इथे मागता येत नाही. दोन्हींपैकी एकच.

टप्पा ८ : तडजोड आणि पैसे हातात येताना

'पन्नास हजार घे आणि सही कर' असा निरोप बहुधा पगार बंद होऊन दोन-तीन महिने झाले की येतो. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे, पण त्या कागदाशी भांडण्यात वर्ष जाते. तडजोड करायचीच असेल तर रक्कम ठरल्यावर करार आयुक्तांकडे नोंदवा. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. हा तुमच्यासाठीचा आधार आहे.

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने पैसे थेट घरच्यांच्या हातात द्यायचे नसतात, ते आयुक्तांकडे जमा करायचे असतात. वाटप तिथून होते. दिराने किंवा सासऱ्याने परस्पर रक्कम घेतली तरी विधवेचा आणि मुलांचा वाटा बुडत नाही, कारण असे परस्पर दिलेले पैसे नुकसानभरपाई दिली असे धरत नाहीत. अर्जात आई, पत्नी, मुले या सर्व अवलंबितांची नावे घाला, एकही वगळू नका.

निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या दिवशीच प्रतीसाठी अर्ज करा. मालकाला अपील करायचे असेल तर त्याला आधी ठरलेली रक्कम जमा करावी लागते. ती जमा झाली का, हे अपिलाच्या पहिल्याच तारखेला वकिलामार्फत विचारा.